चांगोचं इंजिन

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड, ते तिला ओळखणाऱ्यांना विचारा. तिला कुणकुण लागली होती एकदा. पण तोंडानं मी बोललो नाही. आता बोलायला बसलोय, तर सरळ मुद्द्यावर यावं की नाही? जमत नाही हो. जीभ मागे सरते. थोडं आडवळणानं येऊ द्या मला, येतोच.

अंबरनाथहून बदलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका पेट्रोल पंपावर मी मॅनेजर होतो. मॅनेजर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी भारी येईल, तसं काही नव्हतं. काचेची एक केबिन, करकरणारा पंखा, एक फोन आणि डिझेलचा वास. मालक उल्हासनगरचे, कॅम्पातले सिंधी शेठ. ते अधूनमधून स्कूटरवरून यायचे, चहा घ्यायचे, "सब ठीक, साईं?" विचारायचे आणि जायचे. बाकी सगळं माझ्यावर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. राहायला मी अंबरनाथ पश्चिमेला, तिथून सायकलवर पंपावर यायचो.

स्वभावानं मी संशयी. दूधवाल्यानं माप भरलं की मी फेसाखाली बघणार. कुणी गोड बोललं की याला माझ्याकडून काय हवंय, हे आधी डोक्यात येणार. बायको म्हणायची, "देवळात गेलात तरी तुम्ही मूर्तीच्या पाठीमागे जाऊन बघाल, देव खरा आहे का." पंपाच्या धंद्यात मात्र या दुर्गुणाला किंमत असते. शेठ सगळ्यांना सांगायचे, आमचा मॅनेजर स्वतःच्या सावलीकडूनही पावती घेतो. मला तो मानच वाटायचा.

रोज सकाळी पहिलं काम म्हणजे टाकी मोजणं. जमिनीत गाडलेली लोखंडी टाकी, वर एक नळकांडं. त्याचं झाकण उघडून आत खुणा केलेली लांब पितळी काठी सोडायची. काठी जिथवर ओली, तिथवर तेल. ही काठी हातात धरून हळू टेकवायची असते. मी सोडून द्यायचो. खाली तळाला लागली की 'टण्ण' असा आवाज यायचा, आणि तो मला आवडायचा, देवळातली घंटा वाजवल्यासारखा. वर्षानुवर्षं मी ती तशीच सोडत आलो.

मग एका वर्षी डिझेल कमी भरायला लागलं. विक्री जेवढी, त्याहून जास्त घट. पेट्रोल उडून जातं थोडंफार, ते सगळे धरून चालतात. डिझेल असं उडत नाही. मग गेलं कुठे? — चोरीला, अजून कुठे! माझं डोकं दुसरीकडे जाणारच नव्हतं. पंपावरच्या पोरांच्या पिशव्या मी तपासल्या, त्यांचे जेवणाचे डबे उघडून बघितले, टाकीच्या झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. हसू नका. तरी तेल कमीच.

पावसाळ्यात उलगडा झाला. काठीच्या टोकाला आम्ही एक मलम लावायचो. तळाशी पाणी साचलेलं असलं, की त्याचा रंग बदलतो. त्या दिवशी काठी वर काढली तर टोक लालभडक. पुसून पुन्हा सोडली, पुन्हा लाल. गाडलेल्या टाकीत बाहेरून पाणी आत येतंय. आणि जिथून पाणी आत येऊ शकतं, तिथून तेल बाहेर जात नसेल? टाकी फुटली होती. चोर जमिनीतच होता आणि मी पोरांच्या डब्यातली भाकरी उलटून बघत होतो.

शेठना सांगितलं. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "साईं, अभी किसी को बोलना मत. लायसन चला जाएगा. थोडा टाइम दो, टंकी बदल देंगे." शेठवर सगळं ढकलणं मला सोपं आहे, नाही का? म्हणून हे आधीच सांगून टाकतो — शेठनी मला गप्प बसायला सांगितलं होतं. खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या अकलेनं केलं.

आता विहिरीकडे येतो.

पंपाच्या मागे, उताराला, आगरी शेतकऱ्यांची चार-दोन घरं होती. त्यातली दोन सख्ख्या भावांची. थोरला हिराजी, धाकटा चांगो. दोघांत मिळून एक विहीर, बापानं खणलेली. त्यांची आई, जनाबाय, थोरल्याकडे राहायची, पण दुपारचं जेवण धाकट्याकडे, अशी तिनं आपली वाटणी करून घेतली होती. फार गोड पाणी त्या विहिरीचं. पंपावर आमचा माठ त्याच पाण्यानं भरलेला असायचा. हिराजीची सून सकाळी कळशी आणून ओतून जायची, आणि त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितलं नाही.

भावांचं मात्र बिनसलं होतं. बदलापूरकडे इमारती उठायला लागल्या होत्या, रस्त्यालगतच्या जमिनीला अचानक भाव आला होता. चांगोला त्याचा हिस्सा विकायचा होता. हिराजी म्हणायचा, बापाची जमीन आणि बापाची विहीर, मी जिवंत असेपर्यंत बिल्डरला पाय ठेवू देणार नाही. एकाच अंगणात दोन चुली, आणि मधे बोलणंचालणं जेमतेम. भाऊबंदकी कुणाला चुकली आहे?

चांगोचं ओढ्याच्या कडेला भाजीचं रान होतं — काकडी, कारली, भेंडी. ओढ्याचं पाणी उपसायला डिझेलचं इंजिन. त्यासाठी तो आमच्याकडून कॅनमध्ये डिझेल न्यायचा. येताना माझ्या टेबलावर दोन कोवळ्या काकड्या ठेवायचा. तेव्हाही मनात मी म्हणायचो, हा उधारी तर मागणार नाही ना? कधीच मागितली नाही त्यानं. उन्हाळ्यात एकदा म्हणाला होता की इंजिन बिघडलंय. पुढच्या वेळी आला तेव्हा सांगितलं, साहेब, झालं चालू, उल्हासनगरच्या मिस्त्रीनं नवी रिंग घातली. दोन्ही गोष्टी त्यानं मला सांगितल्या. पहिली आणि दुसरीसुद्धा. हे मी मुद्दाम दोनदा सांगतोय.

दिवाळीच्या सुमाराला हिराजीच्या सुनेनं आमचा माठ भरला आणि मी पेला तोंडाला लावला. वास. अगदी हलका, पण ज्यानं जन्म त्या वासात काढला त्याला चुकणार कसा? मी पेला खाली ठेवला. माठ बाहेर नेऊन ओतला. आणि तिला म्हणालो, उद्यापासून पाणी नको आणूस पोरी, आम्ही नळाचं घेऊ. ती बिचारी ओशाळली. तिला वाटलं, आपल्या हातून काही चुकलं.

बघा, पहिल्या दिवशी मला कळलं होतं. त्यांच्याही आधी.

थोड्याच दिवसांत विहिरीच्या पाण्यावर तवंग दिसायला लागला, मोराच्या पिसासारखे रंग असलेला. भाताला वास, चहाला वास. पाण्यात रॉकेल पडलंय, असं सगळे बोलायला लागले. आणि रॉकेल आपोआप पडतं का? कुणीतरी टाकतं. आपल्याकडे भावकीत वैर आलं की माणसं असलं करतात. गवताची गंजी पेटवतात, उभ्या पिकात गुरं सोडतात, विहिरीत रॉकेल ओततात. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जमिनीखालून, मातीतून तेल येतं, हे मात्र कुणी ऐकलेलं नव्हतं. मग संशय कुणावर जाणार? ज्याला जमीन विकायची होती त्याच्यावर. विहीर नासली की थोरला कंटाळेल आणि सही करेल — किती नीट बसतं बघा! मी ऐकत होतो आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटत होतं.

एका दुपारी हिराजी केबिनमध्ये आला. तो कधी आत येत नसे, दारातूनच बोलायचा. त्या दिवशी आत आला, खुर्चीवर टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाला, "साहेब, एक इचारू? आमचा चांगो तुमच्याकडनं डिझेल नेतो ना? खरा सांगा. तुमी शिकलेले मानूस."

आता आलोच मी तिथे.

मी 'हो' म्हणालो. ते खरंच होतं, तो नेत होता. तिथे थांबलो असतो तर? पण हिराजीची नजर खिडकीतून बाहेर गेली. बाहेर टाकीचं झाकण होतं. तो सहज बघत होता, की त्याच्या मनात काही आलं होतं? आजही मला माहीत नाही. मला मात्र वाटलं, आता हा विचारणार — तुमची टाकी किती जुनी हो साहेब? आणि त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो —

"नेतो खरा. पण इंजिन तर बंद पडलंय, असं तोच मला म्हणाला होता. मग डिझेल कशाला लागतं, देव जाणे."

झालं. एवढंच. मी काही रचलं नव्हतं. चांगो तसं म्हणाला होताच ना, उन्हाळ्यात? दुसरी गोष्ट तेवढी मी गिळली. हिराजीनं टोपी घातली, उठला. दारात थांबून म्हणाला, "बरा झाला, तुमी सांगितलात." माझे आभार मानून गेला तो.

त्यांनी विहीर साफ करायला काढली. हिराजी इंजिन भाड्यानं आणायला निघाला होता, एवढ्यात चांगो स्वतःचं इंजिन बैलगाडीत घालून घेऊन आला. म्हणाला, विहीर माझीपण आहे. दांडा फिरवला, इंजिन धडधडायला लागलं. मी पंपावरून बघत होतो. म्हटलं, सुटला! चालू इंजिन सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, माझं वाक्य गेलं वाऱ्यावर. आणि लोक काय म्हणाले माहीत आहे? "बघा, परवापर्यंत बंद होतं. आज बरोबर चालू झालं!" संशयाला सगळंच पुरतं हो. मी जन्मभर तेच केलेलं, मला ठाऊक असायला हवं होतं.

विहीर उपसली. माणसं आत उतरली, गाळ काढला, दगड घासले, चुना टाकला, लाल औषध टाकलं, देवीचा नारळ फोडला. नव्यानं पाणी झिरपलं तेव्हा सगळे खूश. आठवडाभरात पुन्हा तवंग. म्हणजे पुन्हा टाकलं! पाळीपाळीनं राखण बसवली, तरी तवंग. मग तर चांगोची सुटका व्हायला हवी होती, नाही का? राखण असताना टाकणार कोण? तर म्हणे, त्यानं तेलात भिजवलेलं गोणपाट तळाच्या कपारीत दडवलं असणार. पुन्हा उपसा, पुन्हा माणसं आत. गोणपाट काही मिळालं नाही. न मिळाल्यानं संशय आणखी वाढला, की हा इतका पाताळयंत्री! आणि बायका उन्हातान्हात पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या गळक्या वॉल्व्हपाशी हंडे लावून बसायच्या.

शेवटी गावदेवीपुढे बैठक बसली. चांगोनं देवीच्या दगडावर हात ठेवून शपथ घेतली. जनाबायनं म्हणे तिथेच कपाळाला हात लावला. पण हिराजी म्हणाला, मग मॅनेजर साहेब खोटं बोलले का? त्यांचं काय वाकडं आहे आपल्याशी? खरंच की. माझं काय वाकडं होतं? पंचांनी चांगोला सांगितलं, तुझं म्हणणं खरं असेल तर मॅनेजरला घेऊन ये, त्यानं इथे देवीसमोर बोलू दे.

चांगो आला. रागानं आला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. तो केबिनच्या दारात हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुमच्या ध्यानात नसंल तवा. मी बोललो व्हतो ना तुमाला, रिंग घातली म्हनून? तुमी फकस्त येवराच सांगा — इंजिन चालू व्हता. दुसरा कायव नको."

माझ्या ध्यानात नसेल! तो मला सवड देत होता. मी खोटं बोललो असेन, हे त्याच्या मनातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मला वाट करून देत असेल. मी म्हणालो, हो हो, येतो की, उद्या सकाळी येतो. आणि उद्या सकाळी मी बायकोला घेऊन डोंबिवलीला बहिणीकडे गेलो. अचानक, कारण नसताना. बायकोनं रस्त्यात विचारलं, "काय भानगड केलीत? कुणा बाईबिईचं काही आहे का?" मी म्हणालो, काहीतरीच तुझं. ती म्हणाली, "मग घाम का येतोय?" खाई त्याला खवखवे म्हणतात ते असं.

देवीपुढे माझी वाट बघत सगळे बसून राहिले होते, हे मला मागाहून कळलं. मी आलो नाही, याचा अर्थ लोकांनी लावला — साहेब सज्जन माणूस, भावाभावांच्या भांडणात पडायचं नसेल त्यांना. माझं मोठेपण झालं ते.

उन्हाळा लागताच हिराजीनं वाटणी करून दिली, चांगोनं हिस्सा विकला आणि बदलापूरला शिरगावात घर घेतलं. जमीन विकायचीच होती त्याला, मग दुःख कसलं, असं लोक म्हणाले. जाताना इंजिन नेलं नाही. ओढ्याच्या काठावर ते गंजत पडलं.

आणि आता ऐका. नेमकं त्याच उन्हाळ्यात शेठनी शब्द पाळला. मुंबईहून एक इंजिनिअर आणला, पंपाचं नवं बांधकाम आहे असं सांगून पत्रे उभारले आणि आतून टाकी उकरून काढली. भोवतीची काळी, तेलकट माती ट्रकमध्ये भरून पाठवली. नवी टाकी सिमेंटच्या हौदात बसवली. पण इंजिनिअर म्हणाला, एवढ्यानं भागणार नाही, जे तेल जमिनीखाली पाण्यावर तरंगतंय ते ओढून काढलं पाहिजे, नाहीतर विहिरीत जातच राहील. मग पंप आणि विहीर यांच्या मधे बोअर मारली. छोटी मोटर लावून पाणी हळूहळू ओढायचं, पिंपात साठवायचं, वर येणारं तेल निथळून घ्यायचं, खालचं पाणी वाळू-कोळशाच्या थरांतून सोडायचं. महिनोन्‌महिने चाललं ते. कुणी विचारलं की मी सांगायचो, गाड्या धुवायला पाणी काढतोय. खोटं बोलायची तोवर सवय झाली होती.

टाकी वर आली त्या दिवशी इंजिनिअरनं मला हाक मारली. टाकी आडवी करून ठेवली होती. तळाला भोक. पाच पैशाच्या नाण्याएवढं, आणि बरोबर मोजायच्या नळकांड्याखाली. तो म्हणाला, गंज तर होताच, पण पत्रा इथेच झिजलाय — रोज काठी इथे आपटते ना, जपून टेकवायला हवी होती. मी म्हणालो, पंपावरची पोरं निष्काळजी हो, कितीदा सांगितलं. त्यानं मान डोलावली. पोरांना मी काठीला हातही लावू देत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात हिराजीनं पुन्हा एकदा विहीर उपसली. या वेळी पाणी आलं ते निर्मळ. तवंग नाही, वास नाही. साफ कुणी केलं? आम्ही. पत्र्याआड, चोरून. आणि लोकांनी काय पाहिलं? चांगो गेला आणि विहीर निवळली. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? ज्यांना थोडी शंका होती तेही म्हणाले, आता काय राहिलं! माझ्या एका वाक्यानं त्याला संशयित केलं होतं, त्या सफाईनं गुन्हेगार केलं. तेव्हा तरी मी बोलायचं होतं. नवी टाकी बसली होती, लायसन्स सुरक्षित होतं, कुणाचं काही जाणार नव्हतं. मग का नाही बोललो? बोललो असतो तर मी कोण ठरलो असतो, म्हणून. दुसरं काही नाही.

विहिरीची पूजा केली त्यांनी. हिराजीनं मला मुद्दाम बोलावलं, पाटावर बसवलं. तांब्याभर पाणी काढून पहिला पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. का बघत होता? माहीत होतं का त्याला? मी प्यायलो. गोड होतं.

अजून संपलं नाही. इथे संपलं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

नव्वदीच्या मधल्या कुठल्यातरी वर्षी जनाबाय अंथरुणाला खिळली. हिराजीची सून दुपारी पंपावर आली, पदर तोंडाशी धरून. म्हणाली, "आजेसासू चांगोकाकांचा नाव घेतंय सारखा. मामंजी बोलवत नायत. तुमी फोन लावा." चांगोच्या घराखालच्या किराणा दुकानात फोन होता. मी लावला, निरोप दिला. फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं. मग मीही त्यांच्याकडे गेलो, ओटीच्या पायरीशी उभा राहिलो.

चांगो रिक्षातून उतरला तो चप्पल काढायचं विसरून धावत आत आला. म्हातारीनं डोळे उघडले. तिला बोलता येईना, तिनं नुसते ओठ हलवले. पाणी. शेजारी तुळशीचं पान घातलेला पेला होता, विहिरीच्याच पाण्याचा. चांगोनं तो उचलला. हिराजीनं त्याचं मनगट धरलं.

"तुझ्या हातचा पानी नको तिला. हिर नासवलीस तू."

चांगोनं मनगट सोडवून घेतलं नाही. त्यानं मान वळवली आणि सगळी माणसं सोडून माझ्याकडे बघितलं. एकटा मीच होतो तिथे, ज्याला माहीत होतं. त्याला ठाऊक होतं का, की मला माहीत आहे? पेला हवेत होता. म्हातारी बघत होती. चार शब्द पुरले असते. अहो, चारही नको होते.

मी खाली बघितलं. चपला शोधायला लागलो. माझ्या पायांतच होत्या त्या.

चांगोनं पेला खाली ठेवला. हिराजीनं चमचा आईच्या तोंडाला लावला, तिनं तोंड उघडलं नाही. पाणी गालावरून उशीवर गेलं. दिवे लागायच्या आत ती गेली. शेवटचं पाणी तिनं कुणाच्याच हातचं घेतलं नाही.

हिराजी आता नाही. त्याच्या मुलांनी जमीन विकली, विहिरीवर स्लॅब पडला, तिथे इमारतीची पार्किंग आहे. चांगो म्हातारा झालाय. शिरगावच्या बाजारात कधी भेटतो, पिशवी खाली ठेवून मला नमस्कार करतो. माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. एकदा त्यानं दोन काकड्या माझ्या पिशवीत टाकल्या, आणि मी — काय सांगू तुम्हाला — घरी येऊन त्या उलटसुलट करून बघितल्या. याला कळलं असेल का? कळूनही देत असेल का? मग त्या मी खाल्ल्या नाहीत.

मी सज्जन नव्हतो. विसरलो नव्हतो. मला कुणी धमकावलं नव्हतं.

इंजिन चालू होतं. चांगोनं मला तसं सांगितलं होतं.